अलास्का हायवेवर आरव्ही नेताय? आधी टाक्यांचा हिशेब, मग मुक्काम

कॅनडात कॅलगरी किंवा एडमंटनला राहणारी बरीच मराठी कुटुंबं उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आले की आरव्ही (झोपायची, स्वयंपाकाची आणि टॉयलेटची सोय असलेली मोठी गाडी) भाड्याने घेतात आणि उत्तरेकडे निघतात. बेत चांगलाच आहे. डॉसन क्रीकपासून अलास्कातल्या डेल्टा जंक्शनपर्यंत जाणारा अलास्का हायवे आज साधारण 2,230 किलोमीटरचा आहे. युद्धाच्या धामधुमीत, 1942 साली, अमेरिकी सैन्याने तो आठेक महिन्यांत जंगलातून काढला. आता तो जवळपास सगळा डांबरी आहे, दुरुस्तीचे खडीचे पट्टे सोडले तर.

निघण्याआधी लोक पेट्रोलचं विचारतात, अस्वलांचं विचारतात, उत्तरेचा प्रकाश दिसेल का तेही विचारतात. (जूनमध्ये दिसणार नाही, रात्रच काळोखी होत नाही.) टॉयलेटची टाकी कुठे रिकामी करायची, हे मात्र कोणी विचारत नाही. दक्षिणेत ते खपून जातं, कारण तासाभराच्या अंतरावर काही ना काही सापडतंच. इथे दोन गावांमध्ये चारशे-पाचशे किलोमीटर असतात. म्हणून या रस्त्यावर मुक्काम देखाव्यावरून ठरवू नका, टाक्यांवरून ठरवा. देखावा सगळीकडेच आहे.

गाडी ताब्यात घेताना

आरव्हीत तीन टाक्या असतात: पिण्या-वापरायच्या पाण्याची फ्रेश टँक, सिंक आणि शॉवरच्या सांडपाण्याची ग्रे टँक, आणि टॉयलेटची ब्लॅक टँक. भाड्याच्या 24-25 फुटी गाडीत फ्रेश साधारण दीडशे लिटर आणि बाकीच्या दोन शंभर-सव्वाशे लिटरच्या असतात. पण अंदाजावर जाऊ नका. तुमच्या गाडीचे आकडे विचारून कागदावर लिहून घ्या, पुढचा सगळा हिशेब त्यांवरच चालणार आहे.

टाकी किती भरली हे दाखवणाऱ्या दिव्यांवर फार विसंबू नका. ब्लॅक टँकच्या आतल्या सेन्सरला कागद चिकटला की टाकी रिकामी असली तरी दिवा ‘दोन तृतीयांश’ म्हणत राहतो. टॉयलेटची झडप उघडून टॉर्च मारून बघणं हा गलिच्छ वाटणारा, पण खात्रीचा उपाय.

सांडपाण्याचा पाइप गळत नाही ना, त्याचं टोक डंपच्या, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागेच्या, भोकात घट्ट बसवायला रबरी कडं दिलंय का, पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळा आहे का, हेही तिथेच बघा. जाड रबरी हातमोजे स्वतःचे न्या.

आपल्या सवयी आणि टाकीची भूक

इंग्रजी मार्गदर्शिकांमध्ये ‘चार माणसांना ब्लॅक टँक चार-पाच दिवस पुरते’ असं काही वाचाल तर ते कागद वापरणाऱ्या कुटुंबाचं गणित आहे, हे लक्षात ठेवा. आपल्याकडे पाणी लागतं. पाण्याचा मग किंवा बाटली घेतली तरी फ्लशचं आणि हे मिळून माणशी रोजचे 12-15 लिटर सहज होतात. चार माणसं, 115 लिटरची टाकी: दोन दिवस, फार तर सव्वादोन. आई-बाबांना सवय बदलायला सांगू नका, ते बदलणार नाहीत आणि सांगावंही का? मुक्काम दोन दिवसांच्या बेताने आखा, म्हणजे झालं. आपल्या पद्धतीचा एक फायदाही आहे: टाकीत पाणी भरपूर असलं की मैला आणि कागद यांचा ढीग तळाशी साचून घट्ट होत नाही, आणि अशा ढिगाने तुंबलेली ब्लॅक टँक म्हणजे आरव्ही प्रवासातली सर्वात वाईट दुपार.

ग्रे टँकची शत्रू आपली कढई आहे. फोडणीचं तेल सिंकमध्ये गेलं की थंड टाकीत गोठून भिंतींना बसतं, वर भाताची शितं आणि डाळ, आणि तिसऱ्या दिवशी गाडीला जो वास सुटतो तो खिडक्या उघडून जात नाही. भांडी धुण्याआधी कागदाने पुसा, सिंकच्या तोंडाला बारीक जाळी लावा. खरकटं अस्वलरोधक कचरापेटीतच टाका. भांडी धुतलेलं पाणी रात्री हळूच जमिनीवर सोडून द्यावं असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ते बेकायदा आहे, आणि अन्नाच्या वासाने अस्वल तुमच्या दाराशी येईल ते वेगळंच.

दोन्ही टाक्यांचा भार कमी करायला कॅम्पग्राउंडची कोरडी शौचालयं वापरा. युकॉनच्या (कॅनडाचा अलास्काला लागून असलेला प्रदेश) सरकारी कॅम्पग्राउंडमध्ये ती असतात आणि बहुतेक स्वच्छ असतात. अंघोळ दोन दिवसांआड खासगी आरव्ही पार्कात, तिथल्या शॉवरखाली.

नकाशावर खुणा करा

छापील नकाशा घ्या. गावं सोडली की मोबाइलला सिग्नल नसतो, त्यामुळे फोनमधली डंप स्टेशनची ॲप घरीच, ऑफलाइन उतरवून ठेवायची. 1949 पासून दरवर्षी निघणारी ‘द माइलपोस्ट’ ही मैलागणिक माहिती देणारी मार्गदर्शिका अजूनही या रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांच्या डॅशबोर्डवर दिसते, आणि तिची जागा कुठल्याही ॲपने घेतलेली नाही. कॅनडात डंप स्टेशनला ‘सॅनी-डंप’ किंवा ‘सॅनी-स्टेशन’ म्हणतात. शोधताना तो शब्द वापरा.

इथे दोन गोंधळ हमखास होतात. पहिला: डॉसन क्रीक आणि डॉसन सिटी ही दोन वेगळी गावं आहेत, रस्त्याने जवळपास 2,000 किलोमीटर लांब. ‘डॉसन’ एवढंच टाइप करून डंपची जागा शोधलीत तर भलत्याच प्रांतातली मिळेल. दुसरा गोंधळ मैलांचा. रस्ता सरळ होत गेला, अंतर कमी झालं, पण जुनी ठिकाणं अजून जुन्याच मैलांनी ओळखली जातात: फोर्ट नेल्सन ‘माइल 300’, लिअर्ड रिव्हरचे गरम पाण्याचे झरे ‘माइल 496’. हे आकडे पत्ता म्हणून वापरा, वजाबाकी करून अंतर काढू नका. कॅनडात रस्त्याकडेचे खांब किलोमीटरचे आहेत, अलास्कात शिरल्यावर मैलांचे.

आता फक्त ज्या गावांत टाकी रिकामी करायची सोय धरता येते ती गोल करा: डॉसन क्रीक, फोर्ट सेंट जॉन, फोर्ट नेल्सन, वॉटसन लेक, व्हाइटहॉर्स, हेन्स जंक्शन, आणि सीमेपलीकडे अलास्कातलं टोक (Tok) हे गाव. ही सोय बहुधा खासगी आरव्ही पार्कात असते, काही ठिकाणी नगरपालिकेची किंवा पेट्रोल पंपावरची. पंपावर पेट्रोल भरून घेतलं की डंप फुकट, अशीही पद्धत आहे. युकॉनच्या सरकारी कॅम्पग्राउंडमध्ये मात्र डंप नसतो, वीज-पाण्याची जोडणी नसते, आणि पंपाचं पाणी बरेचदा उकळून प्यावं लागतं. हे मुक्काम देखणे, स्वस्त आणि टाकीच्या दृष्टीने शून्य.

मग बेत असा जुळतो. फोर्ट नेल्सनला रात्र काढून सकाळी टाक्या रिकाम्या करा. तिथून लिअर्डचे झरे साधारण तीनशे किलोमीटर. वाटेत मंचो लेकच्या आसपास रस्त्यावर डोंगरी मेंढ्या असतात आणि लिअर्डजवळ रानबैलांचे कळप, म्हणून अंतर कमी दिसलं तरी दिवस लागतो. झऱ्यांच्या उद्यानात रात्र. सर्वांची अंघोळ शॉवरशिवाय उरकते, कारण गरम पाण्याचा डोह तिथेच आहे (साबण अर्थातच नाही). दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वॉटसन लेक, दोनशेवर किलोमीटर. तिथे 1942 साली एका सैनिकाने आपल्या गावाची पाटी ठोकली, त्यातून वाढलेलं हजारो पाट्यांचं जंगल आहे. ते बघा, पण आधी डंप करा, मग पाट्या.

वॉटसन लेकहून व्हाइटहॉर्स साधारण 440 किलोमीटर. मध्ये टेस्लिनच्या आसपास कुठल्याही सरकारी कॅम्पग्राउंडला राहा. व्हाइटहॉर्सला दोन रात्री घ्या: कपडे, वाणसामान, टाक्या, सगळंच तिथे उरकतं.

पुढचा टप्पा सर्वात कठीण. हेन्स जंक्शनपासून टोकपर्यंत पावणेपाचशे किलोमीटर. मध्ये क्लुआनी तलाव लागतो, आणि त्याच्या काठावर एक रात्र न काढता जाणं हा करंटेपणा ठरेल. म्हणून हेन्स जंक्शनला टाकी अर्धीच भरलेली असली तरी रिकामी करूनच निघा. तलावानंतर बीव्हर क्रीकपर्यंत जमिनीखालचं कायमचं बर्फ वितळून-गोठून रस्ता लाटांसारखा झालाय. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे भरलेल्या दोन टाक्या म्हणजे गाडीच्या पोटाखाली लटकलेलं दोनशेवर किलो वजन, आणि प्रत्येक उसळीला त्याचा हिसका टाकीच्या पट्ट्यांना आणि जोडांना. या पट्ट्यात ताशी साठच्या खाली चालवा आणि संध्याकाळी खाली वाकून व्हॉल्व्हची टोपी जागेवर आहे ना ते बघा. सीमा ओलांडण्याआधी आई-बाबांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा आहे का, हे अर्थात कॅलगरीतच बघायचं.

या रस्त्यावर ‘टाकी भरली की बघू’ चालत नाही. जागा दिसली की रिकामी करायची. गावात शिरल्यावर पर्यटक माहिती केंद्रात जा. युकॉनमध्ये ती वॉटसन लेक, व्हाइटहॉर्स, हेन्स जंक्शन, बीव्हर क्रीक अशा गावांत आहेत. पुढचा कुठला डंप बंद आहे हे तिथल्या माणसांना इंटरनेटच्या आधी कळतं.

प्रत्यक्ष काम

डंपवर गाडी अशी लावा की तिचं सांडपाण्याचं तोंड जमिनीतल्या भोकाच्या बाजूला येईल. हातमोजे घाला. टोपी काढण्याआधी दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत ना ते बघा, हे बघायचं राहिलं तर काय होतं ते लिहीत नाही. पाइप आधी गाडीला पीळ देऊन बसवा, दुसरं टोक भोकात घाला आणि त्यावर दगड ठेवा.

आधी ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह झटकन पूर्ण उघडा. आवाज थांबला की थोडं थांबा. टॉयलेटमधून एक-दोन बादल्या पाणी सोडून टाकी विसळा आणि व्हॉल्व्ह बंद करा. मग ग्रे टँक उघडा: साबणाचं पाणी पाइप धुऊन काढतं. क्रम उलटा केलात तर मैला पाइपात राहतो. दोन्ही बंद करून पाइप उचलून निथळू द्या, टोपी लावा.

डंपवर साधारणपणे दोन नळ असतात. डंपशेजारचा धुण्यासाठी. त्याला पिण्याच्या पाण्याचा पाइप चुकूनही लावायचा नाही, कारण तुमच्या आधी कोणीतरी त्याच तोंडाला आपला मैल्याचा पाइप टेकवलेला असतो. हातमोजे काढून हात साबणाने धुतल्यावर गाडी पुढे घ्या आणि वेगळ्या, पिण्यायोग्य लिहिलेल्या नळावरून फ्रेश टँक भरा. निघण्याआधी ब्लॅक टँकमध्ये आठ-दहा लिटर पाणी आणि टाकीचं औषध (वास रोखणारं, मैला विरघळवणारं) टाका, कोरडी टाकी लवकर तुंबते.

औषध घेताना बाटलीवर फॉर्माल्डिहाइड नाही ना ते वाचा. उत्तरेतल्या आरव्ही पार्कांचा मैला बहुतांशी त्यांच्याच सेप्टिक टँकमध्ये जातो. फॉर्माल्डिहाइडने तिथले मैला कुजवणारे जंतू मरतात आणि मालकाची उन्हाळाभराची व्यवस्था बिघडते. जंतू-एन्झाइमवाली औषधं घ्या. कागदही लवकर विरघळणारा. एक तुकडा बरणीभर पाण्यात हलवून बघा, लगेच विरला तर चालेल. ओले वाइप्स, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, टाकीत नाहीत.

आरव्ही पार्कात पाइप कायमचा जोडलेला असला तरी ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह उघडा सोडू नका. पाणी वाहून जातं आणि घट्ट भाग आत राहतो.

कधी, आणि कुठे नाही

मेच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत सगळं सुरळीत असतं. त्याआधी-नंतर नळ आणि डंप गोठू नयेत म्हणून बंद ठेवतात. सप्टेंबरात जाणार असाल तर प्रत्येक डंपला आधी फोन करा.

डॉसन सिटीजवळून इनुविककडे जाणारा डेम्पस्टर हायवे आणि अलास्कातला डॉल्टन हायवे हे बहुतांशी खडीचे रस्ते आहेत. डॉल्टनवर कोल्डफूटनंतर डेडहॉर्सपर्यंत 385 किलोमीटर पेट्रोल नाही. भाड्याच्या बहुतेक गाड्यांना या रस्त्यांवर करारानेच बंदी असते, तेव्हा तो विषय तिथेच मिटतो.

परतताना

गाडी परत करताना ब्लॅक आणि ग्रे टँक रिकाम्या नसतील तर कंपनी दंड लावते, आणि तो आरव्ही पार्कातल्या डंपच्या फीच्या कितीतरी पट असतो. परत करायची वेळ सकाळची असेल तर आदल्या संध्याकाळीच त्याच गावात डंप उरका. सकाळी रांग असते. शेवटचं विसळून झालं की उघड्या तोंडाचा आणि सेन्सरच्या दिव्यांचा फोटो काढून ठेवा. दिवे तेव्हाही ‘दोन तृतीयांश’ म्हणत असतील तर काउंटरवरच्या माणसाला टॉर्च घेऊन आत यायला सांगा.