जलाशयात गळाने मासेमारी: काठावरून आणि होडीतून

ग्वाल्हेरजवळच्या तिघऱ्यासारख्या जलाशयावर गळ घेऊन जाणाऱ्याने आमिषाच्या आधी तळाचा विचार करावा. सांक नदीवर १९१६ साली बांधलेल्या या धरणाचे पाणी उन्हाळ्यात बरेच खाली जाते. त्या दिवसांत उघड्या पडलेल्या काठाने हिंडून नदीचे जुने पात्र कुठून जाते, खडक कुठे आहेत, ओढा कुठे येऊन मिळतो, हे वहीत टिपून ठेवावे. कारण पावसाळ्यानंतर हीच ठिकाणे पाण्याखाली जातात आणि मासे त्यांच्याच कडेने फिरतात. ही वही महागड्या रॉडपेक्षा अधिक उपयोगी पडते, असे माझे ठाम मत आहे.

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट या प्रजननकाळात मासेमारीला बंदी असते, ती कसोशीने पाळावी. एरवीही त्या त्या जलाशयावर गळ टाकण्यास आणि होडी नेण्यास परवानगी आहे का, याची मत्स्य विभागाकडे आणि ठेका असलेल्या संस्थेकडे आधी चौकशी करावी.

रोहू, कटला आणि मृगळ यांच्यासाठी मी काठच पसंत करतो. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी चरतो. म्हणून बोया (दोराला बांधलेला तरंगता खुंट) आणि गळ यांच्यातील अंतर हीच खरी किल्ली आहे. प्रथम जड शिसे बांधून खोली मोजावी आणि मग मासा ज्या थरात हवा, त्या थरात गळ राहील असा बोया सरकवावा. तंगुसाची, म्हणजे गळाच्या नायलॉन दोराची, जाडी ०.३० ते ०.३५ मिलिमीटर पुरते. भाजलेले सातू आणि मोहरीची पेंड भिजवून केलेले लहान गोळे एकाच जागी थोडे थोडे टाकावेत आणि त्याच मिश्रणात कणीक मळून गळाला लावावी. चारा भरमसाट टाकल्यास मासे त्यावरच पोट भरतात, शिवाय तिघऱ्याचे पाणी शहराला पिण्यासाठी जाते, हेही ध्यानात ठेवावे. वारा ज्या काठाकडे वाहतो, तिथे तरंगते अन्न गोळा होते. समोरून येणाऱ्या वाऱ्यात गळ फेकणे अवघड असले तरी बसावे तिथेच. सावली पाण्यावर पडू देऊ नये, आणि मगरींचा वावर असलेल्या जलाशयात गुडघाभर पाण्यातही उतरू नये.

होडीचा उपयोग काठावरून न पोचणाऱ्या जागांसाठी, म्हणजे जुन्या पात्राच्या कडेसाठी आणि बुडालेल्या बांधांसाठी आहे. शिंगाळा किंवा पडीन यांच्यासारखे शिकारी मासे अशा ठिकाणी दबा धरून असतात. त्यांच्यासाठी चमचा किंवा लहान माशाच्या आकाराचे कृत्रिम आमिष तळाच्या थोडे वर ठेवून सावकाश ओढावे. होडी पुढून आणि मागून अशा दोन नांगरांनी बांधावी, म्हणजे ती वाऱ्याने फिरत नाही आणि गळाचा दोर सरळ राहतो. फळ्यांवर पडलेल्या डब्याचा आवाज पाण्यात दूरवर जातो, म्हणून तळाशी जाड सतरंजी अंथरावी. लाइफ जॅकेट सर्वांनी घालावे, होडीत उभे राहून गळ फेकू नये आणि एप्रिलनंतर आकाश पिवळसर दिसू लागताच काठ गाठावा, कारण आपल्याकडची वावटळ फारसा अवधी देत नाही.

हंगामाचे म्हणाल तर पावसाळ्यानंतरचे आणि फेब्रुवारी ते एप्रिलचे दिवस उत्तम. जानेवारीच्या कडाक्यात हे मासे फार कमी खातात, तेव्हा दुपारची उन्हे धरावीत. कडक उन्हाळ्यात याउलट पहाट आणि संध्याकाळ साधावी. त्या काळात अगदी खोल पाण्यात प्राणवायू कमी पडतो, त्यामुळे गळ मधल्या थरात ठेवणे बरे.

मोठा रोहू लागला की पहिल्या धावेला त्याला अडवू नये. रिळाचा ब्रेक सैल ठेवून दोर जाऊ द्यावा, रॉड उंच धरावा आणि मासा थकल्यावर आधीच पाण्यात बुडवून ठेवलेल्या हातजाळ्यावर त्याला ओढून घ्यावे. सोडायचा असेल तर हात ओले करूनच धरावा, कल्ल्यांना स्पर्श करू नये आणि तो स्वतः पोहू लागेपर्यंत पाण्यात आधार द्यावा. तंगुसाचे तुकडे मात्र काठावर ठेवू नयेत, कारण त्यांत पाणपक्ष्यांचे पाय अडकतात. ते पिशवीत भरून घरी आणावेत.