बोअरच्या जड पाण्यात केस धुताना: शिकेकाई-रिठ्याचा काढा

मराठवाड्यात बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. त्यात साबण फुटतो, त्याचा पांढरा साका केसांवर बसतो आणि केस चिकट, राठ होतात. शिकेकाई-रिठ्याचा तसा साका होत नाही.

खांद्यापर्यंतच्या केसांना एका वेळी ५-६ शिकेकाईच्या शेंगा, ६ रिठे, मूठभर वाळलेला आवळा पुरतो. रिठ्याच्या बिया काढून टाका, फेस सालीत असतो. सगळं १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. भांडं स्टीलचं घ्या. लोखंडी कढईत आवळ्यामुळे पाणी काळं पडतं. ते केसांना चालतं, पण टॉवेलवर डाग राहतात. सकाळी मंद आचेवर १५ मिनिटं उकळा, कोमट झाल्यावर हाताने कुस्करा आणि सुती फडक्यातून गाळा. इथे घाई केली की चोथा केसांत अडकतो, मग दिवसभर विंचरत बसा.

तासभर आधी २ चमचे कोमट करडईचं तेल टाळूला लावा. तेल जास्त झालं तर काढ्याने निघत नाही. फेस शाम्पूसारखा येणार नाही, म्हणून रिठे वाढवू नका, केस कोरडे पडतात. डोळे घट्ट मिटा, फार झोंबतं. उरलेला काढा फ्रीजमध्ये २ दिवस टिकतो, आंबूस वास आला की फेकून द्या.

उवांसाठी सीताफळाच्या बियांची पूड मात्र लावूच नका. डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. त्यापेक्षा ओल्या केसांत फणी फिरवा.