वृद्धाश्रमातल्या खोलीत कॅमेरा लावायचा असेल तर

कॅमेरा घेण्याआधी ज्यांच्या खोलीत तो लागणार, त्यांना विचारा. चित्र फोनवर कसं दिसतं, कोण कोण बघणार, हे आईला दाखवा. ती नको म्हणाली तर विषय तिथेच सोडा आणि फेऱ्या वाढवा. स्मृतिभ्रंश असेल तर भावंडांनी मिळून ठरवावं, एकट्याने नाही.

मग व्यवस्थापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. कॅमेरा कुठे लागणार, आवाजही रेकॉर्ड होणार का, हे अर्जात लिहा. शेजारच्या खाटेवर दुसऱ्या आजी असतील तर त्यांचीही संमती हवी. लपवून तर लावूच नका. अंग पुसणं, कपडे बदलणं त्याच खोलीत होतं, आणि संमतीविना कुणाच्या खासगी अंगांचं चित्रण केल्यास माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६-ई खाली ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लेन्स झाकता येणारा कॅमेरा घ्या आणि अशा वेळी ती झाकायची मुभा देखभाल करणाऱ्या मावशींना द्या.

जागा निवडताना घाई नको. दार आणि खाटेची कड दिसेल असा उंच कोपरा धरा. म्हातारी माणसं बरेचदा खाटेवरून उतरतानाच पडतात. न्हाणीकडे तोंड नको. रात्रीचं चित्र लावल्या दिवशीच तपासा, तेही मच्छरदाणी खाली सोडलेली असताना. अंधारात बघण्यासाठी कॅमेरा सोडतो तो इन्फ्रारेड उजेड जाळीवर आपटला की सगळं पांढरं दिसतं आणि आत माणूस आहे की उशी, कळत नाही. कूलरच्या झोतात कॅमेरा नको: ओल लागते, आणि त्या घरघरीत आईची हाक ऐकूच येत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, टिनाखाली त्याहूनही जास्त. खोक्यावर लिहिलेली तापमानाची मर्यादा वाचूनच पैसे द्या.

वायफाय नसेल तर सिमकार्डवाला ४जी कॅमेरा चालतो. पण रेंज अंगणात नाही, खाटेजवळ उभं राहून बघा. लाइन जाणारच, म्हणून कॅमेरा आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. चित्रण मेमरी कार्डवर ठेवा; दिवसभर लाइव्ह बघत बसलात तर डेटा संपेल आणि तुमची झोपही. दुकानदाराने घालून दिलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला.

काही वावगं दिसलं तर ती क्लिप लगेच फोनमध्ये उतरवा, कारण कार्ड भरलं की जुनं पुसलं जातं. ती कापू नका, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवू नका. आधी व्यवस्थापकांशी बोला. मावशी उशिरा आली आणि मावशीने हात उगारला, या दोन गोष्टी सारख्या नाहीत. मारहाण दिसली तर ११२ लावा. तक्रार कुठे करावी हे कळत नसेल तर ज्येष्ठांसाठीच्या एल्डरलाइनला १४५६७ वर फोन करा. पैसे पडत नाहीत.