तुम्ही जागेवर नसताना चालेल असं डॉक्युमेंटेशन कसं लिहावं

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर-टॉवेल कारखान्यासाठी आम्ही उत्पादन आणि मजुरीचं सॉफ्टवेअर केलं. कोड लिहिला, पण डॉक्युमेंटेशन, म्हणजे तो कसा चालवायचा आणि तसा का लिहिला याची लेखी माहिती, काहीच ठेवली नाही. एका संध्याकाळी मी हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याहून परतत होतो आणि ऑफिसात नवीन आलेली मुलगी फोनवर सांगत होती, "सर, डेटाबेस जोडलाच जात नाहीये." दौंडपासून कुर्डुवाडीपर्यंत, रेंज येईल तसं आमचं बोलणं चाललं. शेवटी सापडलं ते एवढंच, की तिच्या लॅपटॉपवर कॉलेजपासूनचं झॅम्प (वेब सर्व्हर आणि डेटाबेस एकत्र देणारं सॉफ्टवेअर) होतं आणि त्यातल्या डेटाबेसने 3306 हा पोर्ट, म्हणजे आमच्या डेटाबेसलाही लागणारा जोडणीचा क्रमांक, आधीच धरून ठेवला होता. दोन ओळी लिहिलेल्या असत्या, तर ती वेळेवर घरी गेली असती.

म्हणून सुरुवात रीडमी फाइलपासून, म्हणजे नव्या माणसाने सगळ्यात आधी वाचायच्या फाइलपासून करा. ती प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरमध्येच ठेवा. हे सॉफ्टवेअर कोणासाठी आहे, काय करतं आणि काय करत नाही, हे पहिल्या चार ओळींत यायला हवं. त्यानंतर ते चालू करण्याच्या पायऱ्या, कमांड जशीच्या तशी कॉपी करता येईल अशा. "नोड इन्स्टॉल करा" (नोड म्हणजे जावास्क्रिप्ट कोड चालवणारं सॉफ्टवेअर) हे अपुरं आहे, कोणती आवृत्ती तेही लिहा. प्रत्येक पायरीनंतर स्क्रीनवर काय दिसायला हवं, हे सांगा. ते दिसलं नाही तर माणूस तिथेच थांबतो, पुढे दहा पायऱ्या चुकत जात नाही. पासवर्ड मात्र यात कधीही लिहू नका. सेटिंगची नमुना फाइल द्या, त्यात सेटिंगची नावं खरी, पण त्यांच्यापुढची माहिती खोटी.

अडचणींचा भाग वेगळा ठेवा आणि एररचा मजकूर अक्षरशः तसाच उतरवा. अडलेला माणूस तोच मजकूर शोधात टाकतो. "डेटाबेसची अडचण" असं लिहिलंत तर त्याला ते सापडणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि लोक हेच गाळतात: "का" लिहा. कोड काय करतो ते वाचून कळतं. असं का केलं, ते कोडमध्ये कुठेच नसतं. आमच्या कारखान्यात रात्रपाळी रात्री आठला सुरू होऊन सकाळी आठला संपते. पहाटे तीनला मागावरून उतरलेली चादर आदल्या तारखेच्या पाळीत धरायची, म्हणून सकाळी आठच्या आधीची नोंद आम्ही एक दिवस मागे टाकत होतो. नव्या डेव्हलपरला ती चूक वाटली. त्याने प्रामाणिकपणे "दुरुस्त" केली आणि रात्रपाळीच्या कामगारांची मजुरी दोन तारखांत विभागली गेली. ज्याच्या घामाचा हिशेब चुकला त्याला आमचा कोड दिसत नाही, त्याला फक्त हातात आलेले कमी पैसे दिसतात. आज त्या ओळीच्या वर कारण लिहिलेलं आहे, आणि मोठ्या निर्णयांसाठी वेगळी फाइल आहे: तारीख, काय ठरवलं, का, आणि कोणता पर्याय सोडला.

शब्दही ठरवून घ्या. आमच्याकडे "वजन" नावाचे दोन रकाने होते, एक बीमवरच्या (मागावर लावायच्या, सूत गुंडाळलेल्या रुळावरच्या) सुताचं किलोमध्ये, दुसरं एका टॉवेलचं ग्रॅममध्ये. प्रत्येक रकान्यापुढे एकक आणि एक खरं उदाहरण द्या. मुनीम "डिझाइन नंबर" म्हणतात तर तुम्हीही तेच म्हणा, "प्रॉडक्ट आयडी" नको. वापरणाऱ्यांसाठीची माहिती मराठीत, युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) लिहा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की नुसती चिन्हं दिसतात, आणि त्यात शोधही लागत नाही.

शिकवणं, एखादं काम करून दाखवणं, रकान्यांची यादी देणं आणि कारणं समजावणं ही डॉक्युमेंटेशनची चार वेगळी कामं आहेत. एकाच पानात कोंबू नका.

डॉक्युमेंटेशन गिटमध्ये (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) कोडसोबतच ठेवा. कोड बदलला तर त्याच कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या त्याच नोंदीत, डॉक्युमेंटेशनचं पानही बदला, आणि तपासणाऱ्याने पान बदललेलं नसेल तर कमिट परत पाठवावा. "नंतर लिहू" म्हटलेलं आमच्याकडे एकदाही लिहिलं गेलेलं नाही. प्रत्येक आवृत्तीत काय बदललं याची यादीही ठेवा, वापरणाऱ्याला कळेल अशा भाषेत.

सगळं लिहून झालं की ज्याने प्रोजेक्ट कधी पाहिला नाही अशा एखाद्याला कोऱ्या लॅपटॉपसमोर बसवा. तुम्ही शेजारी बसा, पण बोलू नका आणि कीबोर्डला हात लावू नका. तो जिथे थबकतो, वर जाऊन पुन्हा वाचतो, तुमच्या तोंडाकडे बघतो, ती प्रत्येक जागा वहीत टिपा. हे करताना गप्प बसणं फार अवघड जातं, तरी बसा. मग त्या जागा दुरुस्त करा आणि पुढच्या वेळी दुसऱ्या माणसाला बसवा, कारण पहिल्याला आता सगळं माहीत झालेलं असतं.