वाचता न येणारे पालकही वाचन घेऊ शकतात

शिक्षकांनो, नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यातून किंवा दिंडोरीच्या द्राक्षबागेतून दमून आलेल्या पालकांना नुसतं ‘अभ्यास घ्या’ सांगू नका. ज्यांना वाचता येत नाही, ते ओशाळून गप्प बसतात. नेमकं काम द्या: रोज १० मिनिटं मुलाशेजारी बसा, त्याला शब्दाखाली बोट ठेवून मोठ्याने वाचू द्या, अडलं तर थांबा, ओरडू नका. मग विचारा, ‘पुढे काय झालं?’ चुका पकडायची गरजच नाही.

भाकरी थापतानाही खेळता येतं: ‘पंचवटी’ म्हणताना टाळ्या किती? पं-च-व-टी, चार. पहिला आवाज कोणता? वाचनाचा पाया इथेच पक्का होतो.

बरेच महिने सराव करूनही साधे शब्द अडत असतील, तर अध्ययन अक्षमतेची (वाचणं, लिहिणं किंवा गणित शिकायला सतत अडचण येण्याची) तपासणी करायला सुचवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे.