शेवेच्या पाकिटावरून गिऱ्हाईक कसं मिळवावं: फ्रीलान्स कॉपीरायटरसाठी

इंदुरात फ्रीलान्स कॉपीरायटिंग, म्हणजे जाहिरातींचा आणि पाकिटांवरचा मजकूर लिहून देण्याचं काम, करणाऱ्यांची तक्रार ठरलेली आहे: कामं ओळखीतून येतात, आणि ओळखी संपल्या की फोन वाजायचा थांबतो. मग एखादा कोर्स लावला जातो. या महिन्यात हेडलाइन, पुढच्या महिन्यात एसईओ (गुगलच्या शोधात पान वर आणण्याचं तंत्र). शिकायला हरकत नाही, पण ते सगळेच शिकतात. मी म्हणेन, जोडीला एखाद्या धंद्याचा एक किचकट कोपरा धरा आणि दोन-तीन वर्षं सोडू नका. जिथून कधी अपेक्षा नव्हती तिथून विचारणा सुरू होते ती त्यामुळे.

कोपरा गावातलाच निवडा. इंदूरजवळच्या पीथमपूरला गाड्या आणि औषधांचे कारखाने आहेत, इंदुरात नमकीन आहे. विषय वाचताना जांभई आली तर उत्तम; इतरांनाही येते, म्हणून तिथे गर्दी नसते. मी पुढे नमकीनच्या पाकिटावरच्या मजकुराचंच उदाहरण घेते.

मूळ कागद वाचा. व्हिडिओ आणि सारांश नंतर. पाकिटावर काय दावा करता येतो हे एफएसएसएआयच्या (खाद्यपदार्थांचे नियम ठरवणारी केंद्र सरकारची संस्था) २०१८ च्या जाहिरात व दावे नियमांत लिहिलेलं आहे. ते त्यांच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. रोज एक पान, समोर एक खरं पाकीट ठेवून. ‘शुगर फ्री’ लिहायचं तर १०० ग्रॅममध्ये साखर ०.५ ग्रॅमच्या वर जाता कामा नये. ‘लो फॅट’ला १०० ग्रॅममागे ३ ग्रॅमची मर्यादा आहे, तेलात तळलेल्या शेवेने त्या वाटेला जाऊच नये. आणि आपण मराठी माणसं डोळे मिटून लिहितो ते ‘घरगुती’? कारखान्यातल्या मालाला ‘होम मेड’ म्हणून गिऱ्हाइकाचा गैरसमज करून देणं या नियमांत बसत नाही. ‘१००%’ हा आकडा लेबलावर वापरू नका, असं एफएसएसएआयने २०२५ मध्ये कंपन्यांना सांगितलं. म्हणजे नियम बदलत राहतात, आणि तुमचं वाचनही संपत नाही.

‘रतलामी सेव’ची गंमत वेगळीच. त्या नावाला भौगोलिक मानांकन (जीआय) आहे, म्हणजे ते नाव ठरावीक भागातल्या मालासाठी राखलेलं आहे. इंदुरात बनलेल्या पाकिटावर ते छापण्याआधी मानांकनाच्या १९९९ च्या कायद्याखाली तुम्हाला तसा हक्क आहे का, असं मालकाला विचारायला हवं. हा प्रश्न विचारणारा कॉपीरायटर त्याने बहुधा पाहिलेला नसतो.

मजकूर पुढे कुठे जातो ते बघून या. ही पायरी कुणी करत नाही, आणि माझ्या मते सगळं इथेच आहे. नमकीनचं पाऊच बहुधा ग्रॅव्ह्युअरवर छापतात. प्रत्येक रंगाचा वेगळा धातूचा सिलिंडर असतो आणि अक्षरं त्यावर कोरलेली असतात. एक शब्द चुकला की तो सिलिंडर नव्याने कोरायचा, आणि छापून झालेले फिल्मचे रोल वाया. भांडण होतं ते मालक आणि प्रिंटरचं. लिहिणारा तोवर बिल घेऊन मोकळा झालेला असतो. प्रिंटर, पॅकेजिंग डिझायनर, लायसन्सचे कागद करून देणारा सल्लागार ही मंडळी तुमच्या चुकीची किंमत मोजतात. म्हणून चूक आधीच पकडणाऱ्या माणसाची आठवणही त्यांनाच येते. त्यांच्याकडे डझनांनी नमकीनवाले येतात, आणि त्यातल्या एकालाही ‘कॉपीरायटर’ शोधायचा नसतो.

वही ठेवा. डावीकडे पाकिटावरचं वाक्य, उजवीकडे नियम काय म्हणतो, खाली तुमचं सुधारलेलं वाक्य आणि तारीख. फोनमध्ये फोटो. बस.

एकच चूक दाखवा, तीही खासगीत. बाजारात मिळणाऱ्या पाकिटाची जाहीर खिल्ली उडवू नका. इंदूरचा बाजार छोटा आहे आणि सगळे एकमेकांचे व्याही निघतात. प्रिंटरला एवढंच म्हणा, “भैया, सिलिंडर बनने से पहले मैटर एक बार मुझे दिखा दो.” पहिल्यांदा पैसे मागू नका, दुसऱ्यांदा जरूर मागा. फोन लगेच येणार नाही. सहा महिन्यांनी एखाद्या मसालेवाल्याचा येईल, ज्याचं नावही तुम्ही ऐकलेलं नसेल.

काम आलं की हद्द ठरवा. लेखन आणि लेबल-तपासणी यांचे दर वेगळे लावा. कोटेशनमध्येच लिहा की तुम्ही मजकूर नियमांशी ताडून देता, कायद्याचा सल्ला देत नाही. छपाईआधीची शेवटची मंजुरी मालकाने त्याच्या सल्लागाराकडून घ्यायची. ती मंजुरी ईमेलवर मागा, फोनवरच्या ‘हाँ, ठीक है’वर सिलिंडर कोरायला पाठवू नका. निम्मे पैसे आगाऊ घ्या.