मॅक्सिमा टाकलं, आता पुढं काय?

भावांनो, शिवाजी विद्यापीठाची पेपरं जवळ आली की ग्रुपवर क्रॅक केलेलं मॅटलॅब (गणिताचं विकतचं सॉफ्टवेअर) कुणाकडं हाय का म्हणून विचारायला सुरू होतं, ते बंद करा आता. मॅक्सिमा हे गणितं सोडवणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर पण पळतं. मूळ 1960 च्या दशकातलं, एमआयटीचं 'मॅकसिमा' (Macsyma) म्हणजे या मॅक्सिमाचा (Maxima) बाप, नावात गोंधळ करू नका, आणि 1998 ला ते जीपीएल या सगळ्यांना मोकळीक देणाऱ्या लायसन्सखाली मोकळं करायची परवानगी मिळाली. डब्ल्यूएक्स-मॅक्सिमा (wxMaxima, खिडकीवालं मॅक्सिमा) टाका, खिडकी बरी दिसते. ओळ लिहून शिफ्ट-एंटर, नुसत्या एंटरनं काही होत नाही.

आता खरी गोम. हे डोकं लावून अचूक उत्तर देतं, 1/3 + 1/7 टाका, 10/21 येणार, 8 चं वर्गमूळ मागा, 2^(3/2) म्हणजेच 2√2 देणार, दशांश पायजे असेल तर फ्लोट (float) ही कमांड लावा. पण मध्येच 0.5 लिहिलं आणि सॉल्व्हला (solve, समीकरण सोडवायची कमांड) दिलं की ते आपणहून 1/2 करून टाकतं आणि तसा मेसेज पण टाकतं, घाबरायचं नाही, पहिल्यापासनं अपूर्णांकच लिहा म्हणजे कटकट नाही.

कॉस एक्स = एक्स सॉल्व्हला दिलं तर तेच समीकरण परत तोंडावर मारतं, कारण याला सूत्रानं उत्तरच नाही. इथं फाइंड-रूट (find_root, आकड्यात उत्तर शोधणारी कमांड) वापरायचं, 0 आणि 1 मधे शोध म्हणून सांगायचं, 0.739085 येतं. दोन टोकांना कॉस एक्स वजा एक्सचं चिन्ह उलटं पायजे, नाहीतर एरर.

एक्सचा एनवा घात इंटिग्रेट करायला दिला की ते उलट विचारतं, एन म्हणजे -1 का? हँग झालंय म्हणून बंद करू नका लका, नो लिहून पुढं जावा. इंटिग्रेशनचा स्थिरांक सी मात्र ते लावत नाही, पेपरात तुम्हीच लावा, मार्क तिथंच जातात.

कोन रेडियनमधे, लॉग म्हणजे बेस ई. 2एक्स चालत नाही, मधे गुणाकाराची चांदणी (*) हवीच. एक्सला किंमत द्यायची तर कोलन (:), बरोबरचं चिन्ह (=) टाकलं की ते नुसतं समीकरण समजतं.

आणि नवीन गणिताआधी किल ऑल, म्हणजे kill(all), मारा, जुनं सगळं पुसलं जातं, नाहीतर मगाशी एक्सला दिलेले 5 तसेच बसलेले असतात आणि डिफरन्शिएट करायला सांगितलं की भांडायला उठतं.